लिनक्स मिंट: पासवर्ड बरोबर असूनही काळी स्क्रीन येऊन पुन्हा लॉगिनवरच येतंय, मदत हवी

काळीपाटी | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, फार अडचणीत आहे म्हणून लगेच लिहितेय. डेस्कटॉप पीसी आहे, लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप, एनव्हीडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड, त्याला दोन मॉनिटर जोडलेत. कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर कधी टाकला नाही, मिंटबरोबर येतो तो नूवोच, आणि त्यावर सगळं छान चालत होतं.

आज दुपारी अपडेट्स केले, त्यात नवा कर्नलही (सिस्टमचा गाभा) होता. रीस्टार्ट केलं, लॉगिन स्क्रीन नेहमीसारखी आली, पासवर्ड टाकला, एक सेकंद काळी स्क्रीन आणि परत लॉगिन. पंधरा-वीस वेळा झालं असेल. पासवर्ड मुद्दाम चुकीचा टाकला तर 'चुकीचा पासवर्ड' असं सांगतं, म्हणजे बरोबर पासवर्ड त्याला कळतोय, पण आत घेत नाहीये. माझं सगळं काम याच मशीनवर आहे आणि परवा ते द्यायचंय. कृपया सांगा काय करू.

झटपट | मंगळवार, रात्री १०:२५

एनव्हीडिया आणि नवा कर्नल म्हणजे ड्रायव्हरच असणार, दुसरं काही नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या स्क्रीनवर नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करा आणि तिथून एनव्हीडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल करून टाका, नूवो भरवशाचा नाही. तरी नाही झालं तर बूटच्या ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्स साध्या मोडमध्ये चालवायचा पर्याय) टाका. त्यानेही नाही झालं तर सरळ पुन्हा इन्स्टॉल, अर्ध्या तासाचं काम.

काळीपाटी | मंगळवार, रात्री ११:१८

एफ३ वर लॉगिन झालं. एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकला, एरर न येता इन्स्टॉल झाला. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो दिला. रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली, काही पर्याय होते, घाबरून पहिलाच पर्याय निवडला आणि पुढे गेले. आता लॉगिन स्क्रीनची अक्षरं आधीपेक्षा मोठी आणि फुटलेली दिसतायत, दुसरा मॉनिटर बंदच आहे, आणि पासवर्ड टाकला की पुन्हा तेच, काळं होऊन परत लॉगिन. नोमोडसेटनेही फरक नाही. आता पुन्हा इन्स्टॉल करू का? होममधल्या (माझ्या फाइलींचं फोल्डर) दोन महिन्यांच्या कामाचा बॅकअप नाहीये.

निळीशाई | मंगळवार, रात्री ११:२६

थांबा, काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका. आणि आता कोणी काही टाका-काढा सांगितलं तर आधी इथे विचारा. तुमचं काम डिस्कवर जसंच्या तसं आहे, एफ३ वर लॉगिन होतंय ना, मग होम शाबूत आहे. 'एलएस' करून फोल्डर दिसतायत का एवढं बघा आणि निवांत व्हा.

वाटसरू_६४ | मंगळवार, रात्री ११:४७

निळीशाईंशी पूर्ण सहमत. मी वर्षानुवर्षं लोकांच्या मशीन सोडवून दिल्यात आणि दर वेळी हेच बघतो, स्क्रीन काळी झाली की माणूस ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागतो. काळी स्क्रीन हे फक्त लक्षण आहे. आधी हे बघायचं की गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत जाऊन थांबतेय.

क्रम असा असतो. मशीनचं फर्मवेअर, मग ग्रब (कर्नल सुरू करून देणारा), मग कर्नल, मग सिस्टमडी एकेक सेवा उठवतं, त्यात डिस्प्ले मॅनेजर येतो, मिंटमध्ये तो लाइटडीएम. लाइटडीएम एक्स सर्व्हर (स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम) सुरू करतो आणि लॉगिन स्क्रीन दाखवतो. इथपर्यंत जे चालतं ते सिस्टमच्या खात्यांवर चालतं, तुमच्या खात्याचा त्यात संबंध नसतो. पासवर्ड दिल्यानंतर पहिल्यांदा तुमच्या नावाने कामं सुरू होतात, तुमच्या होममध्ये फाइली लिहिल्या जातात आणि सिनॅमन उठतो.

तुमची लॉगिन स्क्रीन दिसतेय. म्हणजे आज दुपारी, ड्रायव्हर टाकण्याच्या आधी, कार्ड चित्र काढत होतं, एक्स चालत होता, लाइटडीएम चालत होता. ड्रायव्हरच पडला असता तर बहुतेक वेळा लॉगिनसुद्धा दिसलं नसतं. तेव्हा माझा संशय तुमच्या होमवर आहे. एफ३ वर जाऊन तीन गोष्टी करा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिहा:

होममध्ये 'एलएस -एलए' करून डॉट एक्सऑथॉरिटी आणि डॉट एक्ससेशन-एरर्स या दोन फाइली कुणाच्या मालकीच्या आणि किती बाइटच्या आहेत ते. मग 'डीएफ -एच', म्हणजे डिस्कवर किती जागा उरलीये ते. आणि एक्सची लॉग फाइल, ती व्हार-लॉग फोल्डरात असते.

ग्राफिकल स्क्रीनवर परत यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ७. आणि पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करू नका, एफ३ वरून रीबूटची कमांड द्या.

पायरी | बुधवार, सकाळी ७:०५

मध्येच लिहितो त्याबद्दल माफ करा पण माझंही अगदी असंच होतं, लॉगिन होऊन परत लॉगिन. माझ्याकडे एनव्हीडिया नाही, कार्ड इंटेलचं आहे. वाटसरूंचं वाचून डॉट एक्सऑथॉरिटी बघितली तर मालकाच्या जागी रूट लिहिलंय. हे बरोबर आहे का?

वाटसरू_६४ | बुधवार, सकाळी ७:३१

नाही, रूट म्हणजे सिस्टमचं मुख्य खातं, तिथे तुमचं नाव हवं. एक्स सर्व्हर कुणालाही चित्र काढू देत नाही, प्रत्येक प्रोग्रॅमला एक किल्ली दाखवावी लागते आणि ती किल्ली त्या फाइलीत असते. लाइटडीएम तुमच्या लॉगिनच्या वेळी नवी किल्ली तिथे लिहितो. फाइल रूटच्या मालकीची असेल तर तुमच्या नावाने ती ना लिहिता येते ना वाचता येते, किल्ली नाही म्हणून कुणालाच आत जाता येत नाही, सेशन एका सेकंदात मरतं आणि लाइटडीएम पुन्हा लॉगिन दाखवतो. तुम्ही मध्यंतरी होममधलं काही सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, कॉपी केलं होतंत का, बॅकअपमधून वगैरे? सुडो लावून 'चोन' कमांडने मालकी स्वतःच्या नावावर करा, बरोबर डॉट आयसीईऑथॉरिटीही बघा. होममध्ये रूटच्या नावाचं आणखी काय आहे तेही एकदा शोधा, एक सापडली की सहसा आणखी असतात.

पायरी | बुधवार, सकाळी ७:५२

झालं!! हो, जुन्या डिस्कवरून सुडोने कॉपी केलं होतं, परवानगी नाही म्हणत होतं म्हणून. एकूण बत्तीस फाइली निघाल्या रूटच्या. मनापासून आभार, तीन आठवडे पाहुण्याच्या खात्यातून काम करत होतो.

काळीपाटी | बुधवार, सकाळी ८:४०

मीही बघितलं. माझ्या दोन्ही फाइली माझ्याच नावावर आहेत, पायरींसारखं नाहीये. पण दोन्ही ० बाइटच्या आहेत, वेळ काल रात्रीची.

एक्सची लॉग मोठी आहे म्हणून पेनड्राइव्हवर न्यायच्या आधी होममध्ये कॉपी केली, तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं आलं आणि तीही फाइल ० बाइटची झाली. मला वाटलं पेनड्राइव्ह नीट लागला नाही म्हणून असेल, म्हणून तो काढून पुन्हा लावला. डीएफचं फोनवर फोटो काढून बघून लिहितेय: मुख्य डिस्क, आकार २२८ जी, वापर २१८ जी, उपलब्ध ०, वापर टक्के १००.

निळीशाई | बुधवार, सकाळी ८:४८

सापडलं. पेनड्राइव्हचा संबंध नाही, तुमची डिस्क भरलीये.

झटपट | बुधवार, सकाळी ९:०२

पण २२८ मधले २१८ वापरलेत, म्हणजे १० जीबी शिल्लक आहेत की. आणि डिस्क भरलेली असती तर काल रात्री ड्रायव्हर इन्स्टॉल कसा झाला? तो काही लहान नसतो. मला हे पटत नाहीये.

वाटसरू_६४ | बुधवार, सकाळी ९:३५

प्रश्न अगदी नेमका आहे आणि याचं उत्तर कळलं की सगळं कोडं सुटतं.

ईएक्सटी४ फाइल सिस्टम बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. २२८ चे ५ टक्के म्हणजे अकरा-साडेअकरा जीबी. ही जागा डीएफच्या 'उपलब्ध' रकान्यात धरत नाहीत, कारण साध्या वापरकर्त्याला ती मिळतच नाही. म्हणून २१८ वापरून झाले तरी तुमच्यासाठी ० आणि रूटसाठी मात्र १० शिल्लक. राखीव ठेवण्यामागे हेतू चांगला आहे, डिस्क भरली तरी सिस्टम उठावी आणि कुणीतरी आत जाऊन साफसफाई करू शकावं.

आता बघा, अपडेट रूट करतो म्हणून झाला. ड्रायव्हर रूटने टाकला म्हणून झाला. लॉगिन स्क्रीनपर्यंतची कामं सिस्टमची म्हणून तीही झाली. आणि ज्या क्षणी काळीपाटींच्या नावाने एक किल्ली लिहायची वेळ आली तिथे जागा नाही. नवी फाइल उघडता येते, कारण तिचं फक्त नाव फोल्डरात नोंदायचं असतं, पण आत एक अक्षर लिहायला मोकळा ब्लॉक लागतो. म्हणून ० बाइट. ती रिकामी डॉट एक्ससेशन-एरर्स फाइल हाच सगळ्यात मोठा पुरावा होता, सेशन का मेलं हे लिहून ठेवायलाही त्याला जागा मिळाली नाही.

म्हणजे अपडेटचा दोष नाही. अपडेटमुळे रीस्टार्ट झालं आणि रीस्टार्टनंतर पहिल्यांदा लॉगिन करावं लागलं, एवढाच संबंध.

आता जागा कोणी खाल्ली ते शोधू. एफ३ वर: सुडो डीयू, त्याला एक्स आणि एच, मॅक्स-डेप्थ १, मुळापासून, आणि ते सॉर्ट -एच ला जोडा. एक्स लावायला विसरू नका, नाहीतर पेनड्राइव्हही त्यातच मोजला जाईल.

काळीपाटी | बुधवार, सकाळी १०:२०

वेळ लागला पण आलं. होम ७१ जी, यूएसआर १३ जी, व्हार ७ जी, बाकी किरकोळ, आणि टाइमशिफ्ट १२४ जी!

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टमच्या प्रती (स्नॅपशॉट) घेणारं, मीच चालू केलं होतं, रोज एक स्नॅपशॉट, पाच ठेवायचे. पण त्यात होम घेतलेलं नाही. फक्त लपलेल्या फाइली घ्या असा पर्याय निवडला होता, म्हणजे माझ्या सेटिंग्ज तेवढ्या राहाव्यात म्हणून. सेटिंग्ज अशा किती मोठ्या असणार? आणि दोन दिवसांपूर्वी जागा कमी असल्याची सूचना आली होती, ती मी घाईत बंद केली.

निळीशाई | बुधवार, सकाळी १०:२८

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन, वापरता का?

काळीपाटी | बुधवार, सकाळी १०:३१

हो, बॉक्सेस या प्रोग्रॅममध्ये एक आहे, रोज त्यातच काम करते. तुम्हाला कसं कळलं?

निळीशाई | बुधवार, सकाळी १०:४४

कारण मी यातून गेलेय. बॉक्सेस त्याची डिस्क इमेज होमच्या डॉट लोकल फोल्डरात ठेवतं. नावाआधी डॉट आहे म्हणून ते लपलेलं, आणि लपलेलं म्हणून टाइमशिफ्टने ते उचललं. टाइमशिफ्ट आरसिंकवर चालतं, जी फाइल बदललेली नाही तिची पुन्हा प्रत करत नाही, हार्ड लिंक (त्याच फाइलीला आणखी एक नाव) लावून भागवतं, म्हणून एरवी पाच स्नॅपशॉट असूनही फार जागा जात नाही. पण व्हर्च्युअल मशीनची इमेज ही एकच अवाढव्य फाइल असते. मशीन पाच मिनिटं जरी चालू केलं तरी ती बदलते, आणि बदलली की अख्खी नवी प्रत. इमेज किती जीबीची आहे बघा आणि पाचने गुणा.

काळीपाटी | बुधवार, सकाळी १०:५०

२४ जी. पाच गुणिले चोवीस, एकशे वीस. बापरे.

वाटसरू_६४ | बुधवार, सकाळी ११:०५

अगदी जमलं. आणि ती इमेज वापरेल तशी फुगत जाते, तेव्हा शेवटची शिल्लक बहुतेक तिनेच संपवली.

आता साफसफाई, पण फाइल मॅनेजरने किंवा 'आरएम'ने टाइमशिफ्ट फोल्डरात हात घालू नका. त्याचीच कमांड वापरा, सुडो टाइमशिफ्ट, डॅश डॅश लिस्ट, मग नाव देऊन डिलीट. सगळे उडवू नका, सगळ्यात जुने तीन काढा आणि डीएफ बघा. मग रीबूट, आणि लॉगिन झालं की कुठलंही काम सुरू करायच्या आधी तुमच्या दोन महिन्यांच्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर. हे सगळ्यात आधी. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर आहेत, डिस्क गेली तर तेही जातील, त्याला बॅकअप धरू नका.

काळीपाटी | बुधवार, दुपारी १२:३३

आत आले!!! माझा डेस्कटॉप, माझ्या फाइली, सगळं आहे. तीन स्नॅपशॉट काढल्यावर उपलब्ध ७२ जी दिसतंय. कामाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दोनदा उघडून बघितली. डोळ्यात पाणी आलं खरंच.

फक्त आता सगळं हळू चालतंय, खिडकी सरकवली की मागे फरपटत येते. सिनॅमन म्हणतोय की हार्डवेअर अॅक्सिलरेशनशिवाय चालतोय. आणि दुसरा मॉनिटर अजून बंद आहे. दुपारी, पहिल्या बिघाडाच्या वेळी, लॉगिनला दोन्ही मॉनिटर चालू होते हे मला नक्की आठवतंय.

झटपट | बुधवार, दुपारी १२:४०

हे माझ्यामुळे झालंय, ड्रायव्हर मीच टाकायला सांगितला होता. तेव्हा मी काहीच न विचारता सांगितलं, चुकलं माझं. सुटेपर्यंत इथेच आहे.

कंदील | बुधवार, दुपारी १:१५

ती निळी स्क्रीन म्हणजे मॉक मॅनेजर. तुमच्या मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू आहे, म्हणजे कर्नल फक्त ओळखीच्या सहीचेच मॉड्यूल आत घेतं. नूवो कर्नलबरोबरच येतो, सही असते, म्हणून आजवर प्रश्न आला नाही. तुम्ही टाकलेला एनव्हीडिया ड्रायव्हर मात्र डीकेएमएसने तुमच्याच मशीनवर बनवला आणि तिथल्या तिथे तयार केलेल्या किल्लीने सही केला. ती किल्ली बूटच्या वेळी मंजूर करून घ्यायची असते, त्यासाठी तो पासवर्ड आणि ती निळी स्क्रीन. पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट', म्हणजे मंजूर न करता पुढे जा.

खात्री करायला टर्मिनलमध्ये सुडो मॉडप्रोब एनव्हीडिया करून बघा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं तर हेच कारण. आणि एनव्हीडियाचं पॅकेज नूवोला बंद करून ठेवतं, त्यामुळे आत्ता तुमच्याकडे दोन्हीही नाहीत, सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. म्हणून हळू, आणि म्हणून एकच मॉनिटर.

काळीपाटी | बुधवार, दुपारी १:२२

हो, तंतोतंत तेच वाक्य आलं. मग पुढे काय?

कंदील | बुधवार, दुपारी १:४०

दोन रस्ते आहेत. किल्ली मंजूर करायची असेल तर सुडो मॉकयुटिल, डॅश डॅश इम्पोर्ट, पुढे व्हार-लिब-शिमसाइन्ड-मॉक मधली मॉक डॉट डीईआर फाइल. पासवर्ड विचारेल, किमान आठ अक्षरी, फक्त अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच धरला जातो. रीबूट केलं की निळी स्क्रीन येईल, दहा सेकंदांत एखादी कळ दाबावी लागते, नाहीतर ती निघून जाते. मग 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला बरेच जण देतील, त्याची गरज नाही.

दुसरा रस्ता, एनव्हीडियाची सगळी पॅकेजेस पर्ज करायची, म्हणजे मुळापासून काढायची, की नूवोवरची बंदी उठते आणि तुम्ही सोमवारी जिथे होतात तिथे परत.

निळीशाई | बुधवार, दुपारी १:४८

माझं मत दुसऱ्या रस्त्याला. उद्या काम द्यायचंय, नूवोवर सगळं चालत होतं, कार्डाकडून जास्त काही नकोय. जे चालत होतं तेच परत आणा. एनव्हीडियाचे प्रयोग काम दिल्यावर करता येतील.

वाटसरू_६४ | बुधवार, दुपारी १:५५

मीही तेच म्हणेन. कंदीलांनी सांगितलेलं बरोबरच आहे, पण आज नको.

काळीपाटी | बुधवार, दुपारी ३:१०

पर्ज केलं, रीबूट केलं, दोन्ही मॉनिटर चालू, अक्षरं बारीक आणि स्वच्छ, खिडक्या पूर्वीसारख्या सरकतायत. टाइमशिफ्टमध्ये होममधलं काहीच घेऊ नको असा पर्याय केला, उरलेले दोन जुने स्नॅपशॉटही काढले आणि नवा घेतला, तो १५ जीबीच्या आत बसला.

एकच विचारायचंय, ती राखीव ५ टक्के जागा कमी करता येते असं वाचलं. करू का?

वाटसरू_६४ | बुधवार, दुपारी ३:३२

ट्यूनटूएफएस कमांडने करता येते, आणि नुसता डेटा ठेवायच्या वेगळ्या डिस्कवर मी स्वतः १ टक्का करतो. पण ज्या डिस्कवर सिस्टम आहे तिथे राहू द्या. आज एफ३ वरून तुम्ही आत जाऊन स्नॅपशॉट काढू शकलात ते त्या अकरा जीबींच्या जोरावर. कर्नलचा आणि लॉगचा कारभारही त्यातूनच चालू राहिला.

झटपट | बुधवार, दुपारी ३:४१

काळीपाटी, सुटलं बघून फार बरं वाटलं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये वरती बदल करून लिहितोय की आधी डीएफ आणि होममधल्या त्या दोन फाइली बघा, म्हणजे शोधत इथे येणारा कुणी रात्री अकराला माझं वाचून ड्रायव्हर टाकत बसणार नाही.

काळीपाटी | गुरुवार, संध्याकाळी ६:२५

काम वेळेत दिलं. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष निळीशाई, तुम्ही 'थांबा' लिहिलंत तेव्हा माझ्या हातात इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह होता. धाग्याच्या नावात 'सुटलं' टाकायला कुठून जायचं?

निळीशाई | गुरुवार, संध्याकाळी ६:३१

पहिल्या पोस्टच्या खाली 'संपादन' आहे, तिथून शीर्षक बदलता येईल. 'डिस्क भरली होती' हे शब्दही त्यात टाका, शोधणाऱ्याला सापडेल.